घरच्या घरी स्पार्कलिंग वाइन पार्टी: बाटली नाही, ग्लास मोजा!



दिवाळीनंतर किंवा वर्षअखेरीला आपल्या चांगल्या ग्राहकांना घरी बोलवावं, असं बऱ्याच छोट्या उद्योजकांना वाटतं. पण "वाइन म्हणजे खर्च" म्हणून बेत राहून जातो. अंधेरी-बोरिवलीच्या टू बीएचकेमध्ये 12 माणसांची पार्टी बजेटमध्ये कशी बसवायची, ते आज पाहू.

आधी माझी चूक सांगतो. पहिल्या पार्टीत मी रुबाबात सगळ्या बाटल्या एकदम उघडल्या. रात्री अर्ध्याअधिक उरल्या, सकाळी बुडबुडे गायब. पैसे थेट बेसिनमध्ये! तेव्हापासून नियम एकच: एक संपली की दुसरी उघडायची.

हिशोब असा करा

750 मिलीच्या बाटलीत 125 मिलीचे 6 ग्लास होतात. कॉकटेलमध्ये 90 मिली वाइन घातली तर 8 ग्लास. म्हणजे 12 पाहुणे, प्रत्येकी 2 ग्लास, एकूण 24 ग्लास. नुसती वाइन दिली तर 4 बाटल्या, कॉकटेल केलं तर 3.

उदाहरणासाठी दर धरू (तुमच्या दुकानातले आकडे घाला):

- वाइन 3 × 1,000 = 3,000
- ज्यूस, सिरप, सोडा = 500
- बर्फ = 200
- केटररकडून भाड्याचे ग्लास = 300
- खाणं = 1,500

एकूण 5,500, म्हणजे माणशी साधारण 460 रुपये.

कुठली घ्यायची?

शॅम्पेन नको. ती फ्रान्समधल्या शॅम्पेन भागातूनच येते आणि वर आयात शुल्क. आपल्या नाशिकची सुला ब्रूट किंवा दिंडोरीत बनणारी शँडन ब्रूट उत्तम. ब्रूट म्हणजे कमी गोड. ज्यूस गोड असतोच, म्हणून ब्रूटच घ्या.

तीन सोपी कॉकटेल (प्रत्येकात 90 मिली वाइन)

1. मिमोसा: 60 मिली गाळलेला संत्र्याचा रस.
2. आमरस बेलिनी: व्हेनिसच्या हॅरीज बारमधल्या मूळ बेलिनीत पीचचा गर असतो, आपण 40 मिली पातळ आमरस घालू. हंगाम नसेल तर डब्यातला चालेल.
3. कोकम फिझ: 15 मिली कोकम सिरप, 45 मिली सोडा. आगळ घेऊ नका, ते खारट असतं.

रस आधी, वाइन नंतर, हळूहळू. नाहीतर फेस टेबलावर! न पिणाऱ्यांना त्याच ग्लासात कोकम सोडा द्या, कुणाला वेगळं वाटत नाही. सोबत कोथिंबीर वडी, वेफर्स, मसाला शेंगदाणे. खारट, कुरकुरीत पदार्थ ब्रूटबरोबर छान लागतात.

गार करणं आणि उघडणं

फ्रीजमध्ये 3 तास, किंवा बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून अर्धा तास. फ्रीझरमध्ये विसरलात तर बाटली फुटू शकते. आत गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो. म्हणून बूच हातात घट्ट धरा, बाटली फिरवा, तोंड माणसांकडे आणि ट्यूबलाइटकडे नको.

हे अजिबात विसरू नका

महाराष्ट्रात वाइनसाठी वय 21 पूर्ण लागतं आणि पिण्याचा परवानाही लागतो. एका दिवसाचा परवाना वाइन शॉपमध्ये मिळतो. ड्राय डे आधी तपासा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: "सगळ्यांनी 500-500 काढू" किंवा "तिकीट लावू" हा मोह टाळा. पैसे घेऊन दारू दिली की ती विक्री ठरू शकते, आणि विक्रीला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. 5,500 वाचवायला जाऊन धंद्याचं नाव घालवू नका. हा खर्च तुमचा, पाहुणचार तुमचा.

वेळ 7 ते 9.30 ठेवा. सोसायटीही खूश, आणि मुलुंड-घाटकोपरची मंडळी गाडी न काढता लोकलने किंवा रिक्षाने घरी पोचतात.

तुमच्या पार्टीत किती माणसं? आकडा कमेंटमध्ये टाका, बाटल्यांचा हिशोब मिळून करू!