जुन्या ड्रमचा कोरडा ठोका

हिंदी चित्रपटसंगीताच्या तालाला १९७० च्या सुमारास एक निराळे वळण मिळाले. राहुलदेव बर्मन यांचा 'अपना देश' (१९७२) किंवा कल्याणजी-आनंदजी यांचा 'डॉन' (१९७८) या चित्रपटांचे संगीत लक्ष देऊन ऐकले, तर तबला-ढोलकीच्या बरोबरीने पाश्चात्त्य ड्रमसेटचा एक कोरडा, आटोपशीर, क्षणात संपणारा ठोका त्यात जाणवतो. हा ठोका अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाने घडवलेल्या सोल आणि फंक या दोन संगीतप्रकारांतून आला. चर्चमधील भावोत्कट गायनाचा लौकिक गाण्यांशी संयोग झाला त्यातून सोल जन्मले, आणि गायक जेम्स ब्राउन यांच्या वाद्यवृंदाने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच सोलमधून फंक घडवले. आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, म्हणजे भारतीय श्रोत्याच्या भाषेत समेवर, सारा भार टाकून उरलेल्या मात्रा लहान-लहान आघातांनी भरून काढणे हे फंकचे लक्षण होय. हा प्रवास पुढे उलट दिशेनेही झाला. 'ब्लॅक आइड पीज' या अमेरिकन गटाने २००५ मध्ये गाजवलेल्या एका गाण्यात कल्याणजी-आनंदजी यांच्या जुन्या चित्रपटगीतांतील अंश वापरलेले आहेत.

परभणी, सेलू, गंगाखेड, जिंतूर या गावांतील ऑर्केस्ट्रांमध्ये त्या काळची ही हिंदी चित्रपटगीते आजही मागणीने वाजवली जातात, मात्र ड्रमसेटचे काम बहुधा ऑक्टोपॅड हे इलेक्ट्रॉनिक वाद्य करते. ते वाद्य सोयीचे आहे, सहज उचलून नेता येते आणि मंडपात मोठ्याने ऐकू येते. तरीही त्यातून निघणारा आवाज आधी कोणीतरी ध्वनिमुद्रित करून ठेवलेला असतो, त्यामुळे वादकाच्या मनगटाला स्वतःचा आवाज घडवण्यास फारसा वाव राहत नाही. तो मूळ आवाज खऱ्या ड्रमवर पुन्हा उभा करण्याची इच्छा असलेल्या वादकाने कोणता जुना ड्रम निवडावा, या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी तो आवाज तसा का होता हे समजून घेणे आवश्यक आहे.

जेम्स ब्राउन यांचा ड्रमवादक क्लाइड स्टबलफील्ड याने १९६९ मध्ये सिनसिनाटी येथे 'फंकी ड्रमर' या गीतासाठी वाजवलेला काही सेकंदांचा तालतुकडा पुढे असंख्य हिप-हॉप गाण्यांत उचलला गेला. त्या तुकड्याचे सौंदर्य जोरदार ठोक्यांपेक्षाही त्यांच्या मधल्या, जेमतेम ऐकू येणाऱ्या आघातांत आहे. हे आघात स्नेअरवर, म्हणजे ज्याच्या खालच्या पानाला तारांची झालर लावलेली असते त्या ड्रमवर, काडी नुसती टेकवल्यासारखी वाजवून काढले जातात. मुख्य ठोका लांबत, घुमत राहिला, तर हे नाजूक आघात त्याच्या घुमाऱ्यात बुडून जातात. म्हणून तो लवकर संपावा लागतो. जुन्या सोल-फंकमधील कोरडेपणा ही अशी तालाचीच गरज होती, आणि हे ध्यानात आले म्हणजे वाद्यनिवडीचे अर्धे काम सोपे होते.

त्या काळच्या ध्वनिमुद्रणांत ल्युडविग, ग्रेच, स्लिंगरलँड आणि रॉजर्स या अमेरिकन कंपन्यांचे ड्रम प्रामुख्याने वापरात होते. १९६० च्या दशकातील ल्युडविग ड्रमचे खोड पातळ लाकडाच्या तीन थरांचे असे. त्याला बळकटी येण्यासाठी वर-खाली मेपल लाकडाची जाड कडी आतून बसवलेली असे आणि ज्या काठावर पान टेकते तो काठ आजच्यासारखा धारदार नसून गोलसर घासलेला असे. गोलसर काठावर पानाचा अधिक भाग लाकडाला टेकतो, त्यामुळे त्याचे कंपन लवकर शमते आणि आवाज ऊबदार, भरीव, पण छोटा निघतो. धारदार काठाच्या आधुनिक ड्रममधून लांब, चकचकीत नाद येतो. तो रॉक संगीताला शोभतो, येथे मात्र अडचणीचा ठरतो.

खोडाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व पानाला आहे. १९५७ च्या सुमारास रेमो बेली आणि चिक इव्हान्स या अमेरिकन उत्पादकांनी प्लॅस्टिकची पाने बाजारात आणली, तोवर ड्रमला वासराचे कातडे लावले जाई. सोल आणि फंकचा बहुतेक सुवर्णकाळ पांढरा खरखरीत लेप दिलेल्या, एकेरी प्लॅस्टिकच्या पानावर वाजला, आणि तशी पाने आजही नवी मिळतात. त्या पानांचा घुमारा दाबण्याच्या युक्त्या साध्या होत्या. मेंफिस येथील स्टॅक्स या ध्वनिमुद्रिका कंपनीचा वादक अल जॅक्सन याची स्नेअरवर पैशांचे पाकीट ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. इतर वादक कापडाची घडी किंवा चिकटपट्टी वापरत आणि बेस ड्रममध्ये उशी किंवा घोंगडी कोंबत. १९७० च्या दशकात तर अनेकांनी टॉम या लहान ड्रमांची खालची पाने काढूनच टाकली.

आवाजाचा उरलेला भाग खोली आणि मायक्रोफोन यांचा होता. स्टॅक्सचा स्टुडिओ एका जुन्या चित्रपटगृहात होता, तर डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा एका राहत्या घरात. मुंबईत ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये गायक आणि वादक एकाच वेळी, मोजक्या मायक्रोफोनसमोर वाजवत असत. तेथे कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केरसी व बुजी, तसेच लेस्ली गोदिन्हो आणि फ्रँको वाझ यांसारखे पारशी व गोमंतकीय वादक पाश्चात्त्य तालवाद्ये सांभाळत, आणि बर्मन यांचे सहायक मारुतीराव कीर तबल्याची बाजू पाहत. ड्रमच्या कोरड्या ठोक्याशेजारी तबला स्पष्ट ऐकू येतो, त्याच्या मात्रा झाकल्या जात नाहीत. हा मेळ त्या संगीताचे मोठे वैभव आहे आणि मराठी वादकांनी त्याचा अभ्यास अधिक मनापासून करायला हवा.

प्रत्यक्ष खरेदीच्या वेळी कंपनीच्या नावाआधी खोडाची प्रकृती पाहावी. दोन्ही पाने काढून खोड सपाट काचेवर किंवा ग्रॅनाइटवर ठेवावे आणि आत विजेरी लावून काठाखालून प्रकाश कोठे गळतो ते पाहावे. गळती दिसली तर काठ वाकडा आहे आणि तो ड्रम नीट सुरात लागणे कठीण आहे. व्यास तीन-चार ठिकाणी मोजून खोड गोल आहे की नाही याची खात्री करावी. मागाहून पाडलेली छिद्रे, सुटलेले थर आणि आटे गेलेले बोल्ट किंमत उतरवायला पुरेसे कारण आहेत. वरच्या आवरणावरील ओरखडे मात्र आवाजाला बाधा आणत नाहीत. ब्रिटनच्या प्रीमिअर कंपनीच्या जुन्या ड्रमांचे माप आजच्या प्रमाण मापापेक्षा किंचित वेगळे असल्याने त्यांना नवी पाने सहज बसत नाहीत, हेही आधी तपासावे.

परभणीच्या हवेचा विचार येथे टाळता येत नाही. पारा ४० अंशांच्या वर नेणारा कोरडा उन्हाळा आणि त्यामागून येणारा दमट पावसाळा कातड्याच्या पानाला सतत ताणतो आणि सैल करतो. हलगी शेकून मगच वाजवायला घेतात ती याच कारणाने. म्हणून अस्सलपणाच्या हौसेपायी ड्रमला कातडे लावू नये. ज्या जिल्ह्याने राजारामबापू कदम यांच्यासारखा गोंधळमहर्षी दिला, तेथील कानांना संबळ आणि हलगीच्या तुटक, टोकदार आघातांची सवय पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि फंकची लय पकडण्यासाठी ही सवय महागड्या वाद्याहून मोलाची आहे.

परदेशातून संपूर्ण जुना संच मागवल्यास वाहतूक आणि आयात शुल्क यांचा बोजा पडतो, आणि बेस ड्रम व टॉम यांचे काम साध्या लाकडी संचावर लेप दिलेली पाने बसवून, कापडाचा दाब देऊन बऱ्याच अंशी साधते. स्नेअरचे तसे होत नाही, कारण या संगीताची ओळखच त्याच्या आवाजात आहे. एकच जुना ड्रम घेण्याची ऐपत असलेल्या वादकाने तो स्नेअरच घ्यावा. पाच किंवा साडेसहा इंच खोलीचा, चौदा इंच व्यासाचा, ल्युडविगच्या 'सुप्राफोनिक ४००' सारखा ॲल्युमिनियमच्या खोडाचा मिळाला तर उत्तम, आणि त्याच्या क्रोमवर डाग पडलेले असतील तर तेवढे पैसे कमी करून घ्यावेत.