टायटॅनियमच्या मुठीला रंग : नुसता रंग नको, ‘तोच रंग पुन्हा’ विका



हाताने चाकू बनवणाऱ्या एका ग्राहकाला मी टायटॅनियमच्या मुठींच्या बारा जोड्या गॅस टॉर्चवर निळ्या करून दिल्या होत्या. एकेक मूठ बघितली तर झकास. सगळ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि चेहराच पडला. कुठे जांभळी छटा, कुठे काळपट, एकीचं टोक तर चक्क पिवळं. ऑर्डर परत आली. चूक माझीच. पण त्यातून जे शिकलो तेच आज सांगतोय.

हा रंग येतो कुठून?

मोरा बंदरात पाण्यावर डिझेलचा तवंग बघितलाय ना? डिझेलला काही निळा-जांभळा रंग नसतो. पातळ थरावरून प्रकाश परत येतो, तेव्हा थराच्या जाडीप्रमाणे रंग दिसतो. टायटॅनियमचंही तसंच. त्यावर ऑक्साइडचा पारदर्शक थर असतो. तो जाड केला की रंग बदलतो. निळ्या रंगाचा थर केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या हिश्श्याएवढा. म्हणजे इथे पेंट नाही, डाय नाही. जाडी सांभाळली की रंग सांभाळला.

टॉर्च की करंट?

टॉर्चने साधारण ४०० अंशांच्या आसपास पिवळसर, मग जांभळा, मग निळा रंग येतो. पण कडा पातळ, मध्य जाड, त्यामुळे तापमान सगळीकडे सारखं राहत नाही. एखादाच पीस, इंद्रधनुष्यी फिनिश हवा असेल तर मस्त. मात्र मूठ आधी पूर्ण सुटी करा. पोलादी पातं तापलं तर त्याचा कडकपणा उतरतो, मग रंग कितीही छान आला तरी चाकू वाया.

करंटमध्ये थराची जाडी व्होल्टेज ठरवतं. चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटऱ्या एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला, अशा जोडत गेलात की अंदाजे असं दिसतं :

- १ बॅटरी (९ व्होल्ट) : हलका ब्राँझ
- २ बॅटऱ्या (१८) : जांभळ्याकडे झुकणारा
- ३ बॅटऱ्या (२७) : गडद निळा
- ४ बॅटऱ्या (३६) : आकाशी

पुढे ५०-५५ ला सोनेरी, १०० च्या आसपास हिरवा. लालभडक रंग या पद्धतीत येतच नाही. ग्राहकाने मागितला तर सरळ नाही म्हणा.

करायचं कसं?

१. मूठ पाण्यात बुडवून पॉलिश पेपरने घासा. कोरडी घासू नका, टायटॅनियमची बारीक भुकटी पेट घेऊ शकते.
२. ॲसिटोनने पुसा आणि मग हातमोजे घाला. बोटाचा ठसा राहिला तर तिथे रंग डागाळतो.
३. प्लास्टिकच्या डब्यात एक लिटर डिस्टिल्ड पाणी, त्यात चमचाभर खाण्याचा सोडा. मीठ अजिबात नको, क्लोरीन वायू तयार होतो.
४. मायनसला स्टीलची पट्टी, प्लसला मूठ. दोन्ही एकमेकांना टेकू देऊ नका. मूठ धरायची तारही टायटॅनियमचीच घ्या. तांब्याची तार पाण्यात गेली तर करंट ती खाते.
५. रंग स्थिरावला की आधी करंट बंद, मग हात आत. खिडकी उघडी ठेवा.

घरच्या लाइटचा करंट थेट वापरायचा विचारही करू नका. ६० व्होल्टच्या वरचं काम जाणकाराकडे प्रत्यक्ष शिकल्याशिवाय नको.

अजून एक गोष्ट. व्होल्टेज वाढवता येतं, पण कमी करून जुना रंग परत येत नाही. पुन्हा घासावं लागतं. म्हणून दोन रंग हवे असतील तर जास्त व्होल्टेजचा आधी करा, नको तिथे घासून काढा आणि मग कमी व्होल्टेजचा द्या.

आता धंद्याचं बोलू

करंटचं काम मिनिटाभराचं, खरा वेळ जातो घासण्यात आणि पुसण्यात. रेट लावताना तो वेळ धरा. ‘बॅटरीला कितीसा खर्च’ असं म्हणून रेट लावलात तर तोटा ठरलेला.

ग्राहकाला आधीच सांगा, हा रंग खिशातल्या चाव्यांनी घासला जातो. परत करून देता येतो, पण त्याचे पैसे वेगळे.

फक्त सुटी मूठ घ्या, पातं ग्राहकाकडेच राहू द्या. घरगुती किंवा शेतीकामासाठी नसलेल्या, ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांना शस्त्र कायद्याची बंधनं आहेत. त्या भानगडीत नवख्याने पडू नये.

आणि वही ठेवा. ग्रेड २ की ग्रेड ५, कुठल्या नंबरचा पेपर, किती व्होल्ट, हे सगळं लिहा. धातूचा ग्रेड किंवा फिनिश बदललं की त्याच व्होल्टला छटा बदलते.

या आठवड्याचा गृहपाठ

मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला जा, तिथून सी. पी. टँक-कुंभारवाड्याच्या धातू बाजारात टायटॅनियमचा तुकडा शोधा. चार पट्ट्या कापा, वरच्या चार व्होल्टेजना रंगवा. दुसऱ्या दिवशी आणखी चार करा आणि शेजारी ठेवून बघा. जुळल्या, तर ते तुमचं सॅम्पल कार्ड. नाही जुळल्या, तर अजून ऑर्डर घेऊ नका. मी घेतली होती, म्हणून सांगतोय.