‘गेलो होतो’ म्हणजे ‘हॅड गॉन’ का?



‘काल मी मामाच्या गावाला गेलो होतो’ हे वाक्य इंग्रजीत लिहायला सांगून बघा. बरीच मुलं ‘आय हॅड गॉन’ अशी सुरुवात करतात. आपण लाल पेनने ‘वेंट’ लिहितो आणि पुढे जातो. पण मुलाने ‘होतो’साठी ‘हॅड’ टाकलं, त्याच्या दृष्टीने ते बरोबरच! कारण समजलं नाही तर तीच चूक पुढच्या निबंधात पुन्हा दिसते.

मराठीत एकच घटना सांगतानाही आपण ‘गेलो होतो’, ‘खाल्लं होतं’ असं सहज म्हणतो. इंग्रजीत ‘हॅड’चं काम वेगळं आहे. भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधी कोणती घडली, हे तो दाखवतो. ही दोन वाक्यं फळ्यावर लिहा :

• व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस लेफ्ट.
• व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट.

पहिल्यात मी पोहोचलो आणि बस सुटली, म्हणजे ती डोळ्यांसमोर गेली. दुसऱ्यात मी पोहोचण्याआधीच ती सुटलेली होती. एका ‘हॅड’ने सगळा प्रसंग बदलला. म्हणजे प्रश्न फक्त गुणांचा नाही, अर्थाचा आहे.

लिहिण्याआधी मुलांना स्वतःला चार प्रश्न विचारायला शिकवा :

१) घटना कधी घडली ते सांगितलंय का? काल, गेल्या वर्षी, १८४८ मध्ये असं काही असेल तर साधा भूतकाळ. ‘जोतिराव अँड सावित्रीबाई स्टार्टेड अ स्कूल फॉर गर्ल्स इन पुणे इन १८४८.’ इथे ‘हॅव स्टार्टेड’ चालणार नाही.

२) त्या वेळी क्रिया चालू होती का? ‘मी उठलो तेव्हा पाऊस पडत होता’ : ‘इट वॉज रेनिंग व्हेन आय वोक अप.’

३) ती जुनी सवय होती का? ‘आजी गोष्टी सांगायची’ : ‘ग्रँडमदर यूज्ड टू टेल अस स्टोरीज.’

४) ती दुसऱ्या घटनेच्या आधी घडली होती का? क्रम स्पष्ट करायचा असेल तरच ‘हॅड’. वाक्यात ‘आफ्टर’ किंवा ‘बिफोर’ असेल तर क्रम आधीच कळतो, तिथे बहुतेक वेळा साधा भूतकाळही पुरतो.

वर्गात एक सोपी कृती घ्या. फळ्यावर आडवी रेघ ओढा. उजव्या टोकाला ‘आता’ लिहा आणि गोष्टीतल्या घटना मुलांनाच क्रमाने मांडू द्या. रेघेवर एकच ठिपका असेल तर ‘हॅड’ची गरज नाही, हे मुलं आपणहून सांगू लागतात.

पालकांनो, घरी वही तपासताना ‘चुकलं’ म्हणण्याआधी एवढंच विचारा, ‘बाळा, यातलं आधी काय घडलं?’ उत्तर मराठीत आलं तरी चालेल. घटनांचा क्रम डोक्यात पक्का झाला की काळ निवडणं सोपं जातं.