रायफलीची नळी बदलतांना

१९०७ सालीं ब्रिटिश सरकारनें हिंदुस्थानांत व सुदानांत .४५० बोअरच्या रायफलींवर बंदी घातली. लंडनच्या रिग्बी कारखान्यानें १८९८ सालीं या बोअरचें एक नवें जोरदार काडतूस काढलें होतें, आणि वाघ, गवा, हत्ती यांच्या शिकारीस निघणाऱ्या साहेबलोकांत तें थोड्याच वर्षांत मान्यता पावलें होतें. बंदीचें कारण शिकारींत नव्हतें. फौजेंतून बाद झालेल्या मार्टिनी-हेन्री बंदुका बऱ्याच ठिकाणीं परक्या हातीं गेल्या होत्या. त्यांचा बोअरहि नांवानें.४५०च. तेव्हां शिकाऱ्याच्या पेटींतील दारूगोळा उद्यां बंडखोरांच्या कमरेला दिसेल, ही सरकारला भीति.

या हुकुमावर इंग्लंडांतील कारागिरांनीं जो तोडगा काढला तो मोठा गमतीचा आहे. त्यांनीं बोअर थोडा वाढविला. हॉलंड अँड हॉलंडनें .४६५चें काडतूस काढलें, जोसेफ लँग यानें .४७०चें, वेस्ली रिचर्ड्सनें .४७६चें. .४५०च्या गोळीचा व्यास .४५८ इंच, आणि .४७०च्या गोळीचा .४७५, म्हणजे अंतर अवघें इंचाचे सतरा हजारांश. जनावराला या दोहोंतील फरक कळण्यासारखा नव्हता, पण कायद्याचें समाधान झालें. उलट .४५०/४०० या काडतुसाच्या नांवांत ४५० हा आंकडा असूनहि त्याची गोळी इंचाच्या चार दशांशांहून किंचितच जाड; त्यामुळें तें बंदींतून सुटलें. जिम कॉर्बेट यांच्यापाशीं जेफ्री कारखान्याची अशी एक दुनळी रायफल होती.

मात्र जुन्या दुनळीच्या मालकाला हा तोडगा स्वस्त नव्हता. दुनळी रायफलीच्या दोन नळ्या एकमेकींशीं डाखाने जोडलेल्या असतात, आणि दोहोंच्या गोळ्या ठराविक अंतरावर एकाच ठिकाणीं पडाव्यात म्हणून त्या झाडून पाहत, पुनः सरकवीत, पुनः झाडीत बसविलेल्या असतात. तेथें नळ्या बदलणें म्हणजे जवळजवळ नवी बंदूक करणेंच होय. एकनळी, बोल्टच्या रायफलीची गोष्ट निराळी. तिची नळी मागल्या बाजूस आटे पाडून पोलादी सांगाड्यांत पिळून बसविलेली असते. मौझर १८९८ या प्रसिद्ध रायफलींत हे आटे १.१ इंच व्यासाचे, दर इंचास बारा, असे असतात. जुनी नळी पिळून काढावी व नवी पिळून बसवावी, एवढेंच काम पाहणाऱ्यास दिसतें; आणि येथेंच पुष्कळांची फसगत होते.

नळी बदलण्याची पाळी बहुधा दोन कारणांनीं येते. पहिलें कारण झीज. तप्त वायूंच्या लोटानें नळीचा घसा, म्हणजे काडतुसाच्या कोठ्यापुढील भाग, खाल्ला जातो. जुन्या काडतुसांच्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. तें जळल्यावर मिठासारखा क्षार नळींत राहत असे, आणि तो हवेंतील ओल शोषून घेई. कोंकणच्या पावसाळ्यांत अशी नळी एक रात्र न धुतां ठेवली कीं सकाळीं आंत तांबेरा चढलाच. तेल पुसून हा क्षार जात नसे. पाण्यानेंच धुवावा लागे, आणि बंदुकींत पाणी ओतण्यास भल्याभल्यांचा जीव होत नसे. दुसरें कारण हौसेचें अथवा कायद्याचें: त्याच रायफलींतून निराळें काडतूस झाडतां यावें हें.

निराळें काडतूस म्हटलें कीं पहिला प्रश्न त्याच्या बुडाचा. बोल्टचें तोंड पुंगळीचें बूड धरून ठेवतें, व त्यावरील आंकडा रिकामी पुंगळी मागें खेचतो. मौझरच्या बोल्टाचें तोंड सुमारें १२ मिलिमीटर बुडाकरितां कापलेलें असतें. सुदैवानें ७ × ५७, ८ × ५७, अमेरिकेचें .३०-०६, १९२५ सालचें .२७० विंचेस्टर आणि जर्मनींतील ऑटो बॉक यानें १९०५ सालीं काढलेलें ९.३ × ६२ या सर्वांचीं बुडें जवळजवळ सारखीं आहेत. म्हणून ८ मिलिमीटरची मौझर ९.३ची करणें हें सरळ काम समजलें जातें. नळी बदलते, बोल्ट तोच राहतो. परंतु त्याच सांगाड्यांत हॉलंडचें १९१२ सालचें .३७५ मॅग्नम घालूं म्हटलें, तर बूड साडेतेरा मिलिमीटरचें आणि सबंध काडतूस ९१ मिलिमीटर लांब. मॅगझिनची लांबी ८४ मिलिमीटरांच्या आसपास. मग मॅगझिन वाढविण्यासाठीं पुढल्या उताराचें पोलाद घासावें लागतें. आणि तेंच पोलाद बोल्टाच्या खालच्या कानाला मागून आधार देणारें असतें. असे बदल पुष्कळांनीं केले, त्यांतले कांहीं वर्षानुवर्षें चाललेहि; तरी ज्या भिंतीवर सारा दाब येतो तीच पातळ करणें हें शहाणपणाचें काम म्हणवत नाहीं.

या दाबाची कल्पना आंकड्यांवरूनच येते. .३०३च्या काडतुसाचा कमाल दाब सुमारें ३,६५० बार, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या साडेतीन हजार पटींहून अधिक, ७.६२ × ५१ या फौजी काडतुसाचा सुमारें ४,१५०. नळी नवी व मजबूत असली, तरी हा दाब मागें बोल्टावर व बोल्टाला अडविणाऱ्या कानांवर येतो. मौझरचे दोन कान बोल्टाच्या पुढल्या टोंकास, काडतुसाच्या लगत असतात, व मागें तिसरा राखीव कान असतो. ली-एन्फील्डचे कान मागें असल्यामुळें दाबाखालीं बोल्ट किंचित् लवतो. नवी नळी जुन्या सांगाड्याला बळ देऊं शकत नाहीं.

याचें बोलकें उदाहरण अमेरिकेंतील १९०३च्या स्प्रिंगफील्ड रायफलीचें आहे. १९१७ सालीं कांहीं सांगाडे फुटल्याची चौकशी झाली. तेव्हां असें आढळलें कीं पोलाद तापवितांना कारागीर त्याच्या रंगावरून नजरेनेंच उष्णतेचा अदमास घेत, आणि लख्ख उन्हांत तांबूस दिसणारें पोलाद प्रत्यक्षांत फाजील तापलेलें असे. असें पोलाद कांचेसारखें ठिसूळ होतें. पुढें उष्णतामापक यंत्रें बसविण्यांत आलीं. स्प्रिंगफील्डच्या कारखान्यांतील आठ लाखांच्या आंतील क्रमांकाचे सांगाडे तेव्हांपासून संशयित ठरले. त्यांवर सुंदर नव्या नळ्या चढविलेल्या शिकारी रायफली आजहि आढळतात. नळी पाहून भुलूं नये, क्रमांक पाहावा, असें जाणते कारागीर सांगतात तें यासाठीं.

सांगाडा चांगला निघाला तरी खरें नाजुक काम पुढेंच असतें. नव्या नळींत काडतुसाचा कोठा कोरतांना त्याची खोली अशी साधावी लागते कीं बोल्ट बंद झाल्यावर पुंगळीला मागेंपुढें सरकण्यास नांवापुरतीच जागा उरावी. ही जागा अधिक झाली तर बार उडतांच पुंगळीचा पुढला भाग दाबानें कोठ्याच्या भिंतीस चिकटतो, बूड मागें ताणलें जातें, आणि बुडाजवळ पितळ फाटून तापलेला वायु नेमबाजाच्या डोळ्यांकडे येतो. .३०-०६साठीं ज्या मापाच्या ठोकळ्यावर बोल्ट मिटला पाहिजे तो १.९४० इंचांचा, आणि ज्यावर मुळींच मिटतां कामा नये तो १.९४६चा. सहा हजारांश इंच, म्हणजे जाड कागदाच्या एका घडीएवढें अंतर! .३०३च्या पुंगळीला बुडाशीं कडा असते, म्हणून तेथें माप कडेच्या जाडीवरून घेतात, ली-एन्फील्ड नं. ४ रायफलीसाठीं तर बोल्टाचीं डोकींच चढत्या लांबीचीं करून ठेवलेलीं असत, म्हणजे झीज झाली कीं मोठें डोकें बसवावें.

नळीच्या पिळाचेंहि असेंच. गोळी जितकी लांबट तितका पीळ घट्ट लागतो, नाहींतर ती हवेंत डुलूं लागते. .३०३च्या नळींत दहा इंचांस एक फेरा असतो. जुन्या गोळीसाठीं योग्य असलेला पीळ नव्या गोळीस पुरेल, असें धरून चालतां येत नाहीं.

हिंदुस्थानांत या विषयाला कायद्याची बाजू आरंभापासून चिकटलेली आहे. .३०३ हा फौजेचा बोअर असल्यानें तो सामान्य नागरिकास मिळत नसे. म्हणून हुगळीकांठच्या इशापूर कारखान्यानें ली-एन्फील्डच्याच धर्तीवर .३१५ बोअरची शिकारी रायफल तयार केली. तिचें काडतूस मूळ ऑस्ट्रियाच्या फौजेचें, ८ × ५० मानलिखर. बूड कडेचें, आकारहि .३०३च्या जवळचा; त्यामुळें सांगाड्याची ठेवण फारशी बदलावी लागली नाहीं. पुढें १९६२च्या चीनच्या युद्धानंतर याच कारखान्यानें ७.६२ची रायफल केली, तेव्हां मात्र जुन्या रायफलींना नव्या नळ्या जोडण्याचा मार्ग त्यानें धरला नाहीं. अधिक मजबूत पोलादाचे नवे सांगाडे घडविले, आणि काडतुसाच्या बुडास कडा नसल्यामुळें मॅगझिन व पुंगळी खेचणारा आंकडाहि बदलला. इंग्लंडनें आपल्या नेमबाज शिपायांसाठीं १९७०च्या सुमारास निवडक जुन्या नं. ४ रायफलींवर ७.६२च्या जाड नळ्या चढविल्या. पण त्या रायफली मोजक्या होत्या, व एकेक पारखून घेतलेली होती.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें वाघाच्या शिकारीस पायबंद घातला, व १९९१च्या दुरुस्तीनें उरलीसुरली हौसेची शिकारहि संपली. आज भारतांतील घरोघरच्या जुन्या रायफली बहुधा वाडवडिलांची ठेव म्हणून असतात. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणें बंदुकीचें रूपांतर अथवा दुरुस्ती करण्यास कारागिराचा स्वतंत्र परवाना लागतो, आणि मालकाच्या परवान्यावर तर बोअर लिहिलेलाच असतो. तेव्हां आधीं परवानगी, मग नळी, हा क्रम उलटतां येत नाहीं. इंग्लंडांत नवी नळी चढविलेली रायफल विकण्यापूर्वीं लंडन अथवा बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहांत जादा दाबाचीं काडतुसें झाडून तपासली जाते, व तिच्यावर शिक्का उठतो.

शिक्क्याचें महत्त्व मालकाच्या हयातींत ध्यानांत येत नाहीं. जर्मन ८ मिलिमीटरच्या जुन्या नळ्या .३१८ इंचांच्या गोळीसाठीं होत्या. १९०५ सालीं फौजेनें.३२३ची गोळी घेतली. दोहोंचीं काडतुसें दिसण्यांत सारखींच. जाड गोळी अरुंद नळींत झाडली कीं दाब भलताच चढतो. म्हणून नळी बदलणारा चांगला कारागीर जुना आंकडा खोडून नव्या काडतुसाचें पूर्ण नांव नळीवर कोरतो, आणि कपाटांत उरलेलीं जुन्या बोअरचीं काडतुसें परवानेदार विक्रेत्याकडे जमा करावयास लावल्याखेरीज रायफल मालकाच्या हातीं देत नाहीं.