स्टार्टर फिरतो, गाडी सुरू होत नाही

डॉक्टरांच्या स्मरणिकेत मोटारीच्या दुखण्याविषयी का लिहावे, असे वाचकांना वाटेल. परंतु निदानातील जी चूक मला आजही खुपते, ती माझ्या मोटारीच्या बाबतीत घडली. तिची किंमत मात्र एका रुग्णेला मोजावी लागली असती.

२००९ चा जुलै महिना. मी भूलतज्ज्ञ. एका रुग्णालयातून घरी परतत असतानाच दुसरीकडून तातडीच्या सिझेरियनसाठी बोलावणे आले. टिळकवाडीत रेल्वे गेट बंद होते. बेळगावकरांच्या सवयीप्रमाणे मी इंजिन बंद केले. आगगाडी गेली, गेट उघडले, किल्ली फिरवली. स्टार्टर जोमाने फिरत होता. इंजिन काही पेट घेईना. मागे हॉर्नचा कल्लोळ. चौघांनी गाडी कडेला ढकलून दिली आणि मी रिक्षाने निघालो. वीस मिनिटांचा उशीर झाला. बाळ उशिरा रडले, पण रडले.

असे घडण्याची ही तिसरी वेळ होती. पहिल्या वेळी एका गॅरेजात बॅटरी बदलली गेली. वस्तुतः स्टार्टर जोमाने फिरतो याचाच अर्थ बॅटरी सशक्त आहे, हे मला सुचायला हवे होते. दुसऱ्या वेळी पेट्रोलचा पंप बदलला. लक्षण तेच, औषधे मात्र बदलत होती.

अखेर एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडण्यापूर्वी विचारले, ‘‘डॉक्टरसाहेब, सकाळी पहिल्या झटक्याला सुरू होते न्हवं?’’

‘‘होय.’’

‘‘म्हणजे तापल्यावरच रुसते. मग परत कधी घेते?’’

‘‘अर्ध्या-पाऊण तासाने.’’

रुग्णाची हकीकत अशी आधी ऐकून घ्यावी, हे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवत आलो होतो. गाडीच्या बाबतीत ती मला कोणी विचारली नव्हती आणि मीही सांगितली नव्हती.

पेट्रोल इंजिनाला पेट्रोल, ठिणगी आणि सिलिंडरातील दाब या तिन्ही गोष्टी योग्य क्षणी लागतात. टायमिंग बेल्ट तुटला तर स्टार्टर नेहमीपेक्षा हलका आणि वेगाने फिरतो. तसा आवाज येत नव्हता. पेट्रोलचा वास येत असता तर प्लग ओले झाल्याची शंका घेता आली असती. (तसे झाल्यास बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारतात. एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मात्र मारू नये, स्टार्टर जळतो.)

मिस्त्रींनी गाडी तापेपर्यंत फिरवली आणि बंद करून दहा मिनिटे तशीच ठेवली. दुखणे लगेच उद्भवले. किल्ली नुसती ‘ऑन’ केली की पंप दोनएक सेकंद गुणगुणे. म्हणजे तो जिवंत होता. स्टार्टर मारताना मात्र तो गप्प राही. याच मौनावरून आधीच्या गॅरेजने त्याला मृत ठरवले होते. मिस्त्रींनी पुढे जाऊन ठिणगी तपासली. तीही नव्हती. (हा प्रयोग हौशी मंडळींनी करू नये; तिथे हजारो व्होल्टचा दाब असतो.)

परस्परांशी संबंध नसलेली दोन इंद्रिये एकाच क्षणी निकामी झाली, तर आपण दोन रोग शोधत नाही. दोहोंवर हुकमत चालवणारे केंद्र पाहतो. गाडीचा संगणक पंप चालू ठेवतो आणि ठिणगी देतो, तो क्रँकशाफ्ट फिरत असल्याची वर्दी मिळाली तरच. ती वर्दी देतो शाफ्टजवळचा एक छोटा सेन्सर. स्टार्टर फिरत असताना आरपीएमचा काटा शून्यावरच चिकटलेला होता. ‘‘हे बघा, इंजिन फिरतंय हे गाडीला ठाऊकच नाही,’’ मिस्त्री म्हणाले. सगळ्याच गाड्यांत हा काटा खरे बोलत नाही, हेही त्यांनी सांगून ठेवले.

मग ओले फडके त्या सेन्सरवर दाबून धरले. काही मिनिटांत गाडी सुरू झाली. सेन्सरमधील वेटोळ्याची तार तापली की आत कुठेतरी तुटे, निवली की पुन्हा जुळे. इंजिन बंद केल्यावर थंड करणारे पाणी फिरायचे थांबते, त्यामुळे आसपासचे भाग काही काळ अधिकच तापतात. म्हणून चालत्या गाडीत तक्रार नव्हती, गेटापाशी होती.

सेन्सरची किंमत पंपाच्या मानाने किरकोळ निघाली. पुढे कित्येक वर्षे गाडीने त्रास दिला नाही. माझा जुना, ठणठणीत पंप परत मागायला मी त्या गॅरेजात जाऊन आलो. तो केव्हाच भंगारात गेला होता.