वेळापत्रक आणि वैमानिकाची झोंप

पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यांत चांदे हें गांव आहे. लोहगांवचा विमानतळ शहराच्या दुसऱ्या टोकास, ईशान्येकडे. समजा, लोहगांवहून पहांटे पांच वाजतां सुटणाऱ्या विमानाचा वैमानिक या चांद्यास राहतो. विमान सुटण्याच्या सुमारें एक तास आधीं त्यानें हजर असावयाचें. त्यापूर्वीं सबंध शहर ओलांडावयाचें, आणि त्याहिपूर्वीं स्नान, गणवेष, सामान. म्हणजे त्याचा दिवस रात्रीं दोनच्या सुमारास उजाडतो. कचेरींतील तक्त्यावर मात्र त्याचें काम चार वाजतां सुरू होतें. तक्ता खोटा नसतो, पण त्यांत सगळेंच मावत नाहीं. विमान कंपन्यांचे व्यवस्थापक आणि त्यांचे वैमानिक यांच्यांत जें अंतर पडत चाललें आहे, त्याचें मूळ येथें आहे.

मनुष्याच्या देहांत एक घड्याळ असतें. रात्रीं दोनपासून सहापर्यंत त्याची गति मंदावते. नजर, स्मरण व निर्णय हीं तिन्ही त्या वेळीं दुबळीं होतात. पहांटे दोनला उठावयाचें म्हणून सायंकाळीं सहाला अंथरुणावर पडलें तरी झोंप येतेच असें नाहीं. आज पहांटेची फेरी, परवां मध्यरात्रीची, असा क्रम लागला म्हणजे विश्रांतीचे तास कागदावर पुरे भरूनहि शीण सांचत जातो. व्यवस्थापकाला तास दिसतात; शीण दिसत नाहीं. कायद्यानें ठरविलेली कामाची कमाल मर्यादा हें खरें पाहतां शेताचें कुंपण होय. तक्ता आंखणारा त्या कुंपणाला खेटून शेवटची ओळ पेरतो.

याचा परिणाम किती भयंकर होऊं शकतो हें २२ मे २०१० रोजीं मंगळुरास दिसलें. दुबईहून रात्रभर प्रवास करून आलेलें एअर इंडिया एक्सप्रेसचें विमान सकाळीं सहाच्या सुमारास उतरतांना धांवपट्टीपलीकडे दरींत कोसळलें आणि १५८ माणसें दगावलीं. मुख्य वैमानिकानें चुकीचें उतरणें सोडून दिलें नाहीं, हें चौकशींत प्रमुख कारण ठरलें. परंतु तो वाटेंत दीर्घकाळ झोंपला होता व जागा झाल्यावरची गुंगी पुरती उतरली नव्हती, हेंहि तिनें नमूद केलें.

आरंभीं ही दरी नव्हती. १९२९ मध्यें हिंदुस्थानांतील पहिला वैमानिक परवाना मिळविणारे जे. आर. डी. टाटा यांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून टपाल घेऊन लहानसें पुस मॉथ विमान अहमदाबादमार्गें मुंबईस, जुहूच्या मैदानावर, स्वतः उतरविलें. मालक तोच वैमानिक होता. वाऱ्याचा धक्का आणि डोळ्यांवरची ग्लानि कोणीं त्याला समजावून सांगण्याची गरज नव्हती. पुढें कंपनी मोठी झाल्यावरहि ते आपल्या विमानांतून प्रवास करीत आणि दिसलेल्या उणिवांचीं टिपणें अधिकाऱ्यांकडे धाडीत. आज शेंकडों विमानांच्या कंपनींत मालकानें विमान हांकावें असें कोणी म्हणणार नाहीं. पण त्या अनुभवाची जागा नुसत्या आंकड्यांनीं भरून निघत नाहीं.

जानेवारी २०२४ मध्यें नागरी विमानवाहतूक महासंचालनालयानें नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांति ३६ तासांची ४८ तास झाली. रात्रीचा काळ पहांटे पांचऐवजीं सहापर्यंत धरला गेला. रात्रपाळींत सहांऐवजीं दोनच वेळां विमान उतरविण्याची मुभा राहिली. कंपन्यांनीं मुदत मागितली, प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयांत गेलें, आणि अखेर जुलै व नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत नियम लागू झाले. डिसेंबरांत इंडिगो कंपनीचीं हजारों उड्डाणें रद्द झालीं. ५ डिसेंबर या एका दिवसांतच हजारांवर. मुंबई-पुण्याचे उतारू सामानासह तिष्ठत राहिले. आपला अंदाज व आंखणी चुकली, हें कंपनीनें मान्य केलें. पुरेसा अवधि असूनहि वैमानिकांची भरती वेळेवर झाली नाहीं, असें वैमानिकांच्या संघटनांचें म्हणणें होतें. शेवटीं रात्रपाळीच्या नियमांतूनच त्या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सवलत द्यावी लागली. चूक तक्त्याची, सवलत मात्र वैमानिकाच्या झोंपेंतून कापली गेली.

व्यवस्थापकांचीहि बाजू आहे. जमिनीवर उभें असलेलें विमान आणि घरीं बसलेला वैमानिक दोघांचाहि खर्च चालूच असतो, आणि स्वस्त तिकीट तर सर्वांनाच हवें असतें. परंतु जादा वैमानिक म्हणजे उधळपट्टी नव्हे. धान्याच्या कणगींत जपून ठेवलेलें तें बियाणें होय. वाईट वर्षींच त्याची किंमत कळते.

उपाय अवघड नाहीं. वैमानिकांच्या कक्षांत निरीक्षकासाठीं एक जादा आसन असतें. तक्ता मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यानें नियमांची परवानगी घेऊन महिन्यांतून एकदां पहांटेच्या फेरींत तेथें बसावें, आणि घरून निघण्यापासून घरीं परतेपर्यंत वैमानिकाबरोबर राहावें. थकव्याचे अहवाल तिमाहीस महासंचालनालयाकडे धाडण्याचें बंधन नव्या नियमांनीं कंपन्यांवर घातलें आहे; ते धाडण्यापूर्वीं वरिष्ठांनीं स्वतः वाचावेत, आणि “आज मी उडण्यास योग्य नाहीं” असें प्रामाणिकपणें कळविणाऱ्यास जाब विचारूं नये. रात्रीं दोन वाजतां चांद्यांत जो दिवा लागतो तो कचेरींतून दिसला पाहिजे. कारण त्या दिव्यापाशीं जागा झालेल्या माणसाच्या हातीं थोड्याच वेळांत दीडदोनशें जीव असतात.