पंडिता रमाबाईंचे बायबल आणि त्याच्या वाचक स्त्रिया

लेखन ही परोपकारासाठी मिळालेली देणगी होय, अशी ख्रिस्ती परंपरेतील एक जुनी धारणा आहे. परंतु सेवा म्हणून लिहावयाचे तर लेखकाला स्वतःजवळचे काय सोडावे लागते, याचा विचार क्वचितच होतो. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे मराठी बायबल या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

रमाबाईंची विद्या संस्कृतातली. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले आणि मातेकडून ती विद्या कन्येस मिळाली. १८७८ मध्ये कलकत्त्यास त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या, त्या याच विद्येच्या बळावर. १८८२ च्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकावरही संस्कृताची दाट छाया आहे. पुस्तक स्त्रियांसाठी होते. पण त्या काळच्या किती स्त्रियांना ते उमगले असेल, याची शंकाच वाटते.

१८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. तथापि त्यांच्या भाषेला वळण लावले ते दुष्काळाने. १८९६-९७ व १९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांत आणि गुजरात येथून शेकडो निराधार मुली व विधवा केडगावच्या ‘मुक्ति’ संस्थेत आल्या. पुष्कळजणींना अक्षरओळख नव्हती. कित्येकींची मातृभाषाही मराठी नव्हती. नव्या कराराचे मराठी भाषांतर सेरामपूरहून १८११ मध्येच निघाले होते आणि पुढे त्यात सुधारणाही झाल्या. परंतु प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द या वाचकांच्या आवाक्याबाहेरचे आहेत, असे रमाबाईंचे मत झाले. त्यांचा दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म होता. काही शब्द वेदान्ताचे संस्कार घेऊन येतात, आणि वाचकाच्या मनात मुळाहून निराळाच अर्थ उभा करतात. हे दोष संस्कृत न जाणणाऱ्यास दिसलेच नसते. ज्या पांडित्याने ते दाखविले, तेच पांडित्य भाषेतून वगळावयाचे होते.

याकरिता त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि सुमारे दीड तप या कामात घालविले. छपाई संस्थेच्याच मुद्रणालयात झाली व खिळे जुळविण्याचे काम तेथील स्त्रियांनी केले. वाचकवर्गानेच आपला ग्रंथ छापावा, हे मराठी मुद्रणाच्या इतिहासात विरळाच.

भाषांतर निर्दोष आहे असे मात्र म्हणता येणार नाही. मुळाशी शब्दशः एकनिष्ठ राहावे आणि अल्पशिक्षितेलाही समजावे, हे दोन आग्रह एका वाक्यात नेहमी नांदत नाहीत. जेथे ते भांडतात तेथे मराठी अवघडते. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत बायबल सोसायटीचेच भाषांतर रूढ राहिले.

कन्या मनोरमा १९२१ मध्ये वारल्या. त्यानंतरही रमाबाईंनी मुद्रितशोधन चालू ठेवले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ते काम संपत आले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये केडगावहून प्रसिद्ध झाला.